काडतुसं घरी भरायची तर आधी गोळी निवडा, यंत्र शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ राहता, ग्रीन कार्ड मिळाल्यावर ग्लॉक १७ हे ९ एमएमचं पिस्तूल घेतलं, महिन्याला नेमबाजीची एक मॅच आणि थोडा सराव मिळून तीनेकशे फैरी होतात. बायकोकडे .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर आहे आणि मुलगी .२२ पिस्तुलावर शिकतेय. विकतच्या काडतुसांचा खर्च टोचतो, म्हणून ती घरी भरायचं एक महागडं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे भराभर काडतुसं काढणारं, यंत्र कार्टमध्ये टाकून ठेवलंय. आता कोणत्या गोळ्या घ्यायच्या तेवढं सांगा.

पहिलं काम म्हणजे ते यंत्र कार्टमधून काढा. ते वाईट आहे म्हणून नाही. तुमची गोळी ठरलेली नाही, तुमच्या बॅरलला काय चालतं ते तपासलेलं नाही आणि घरात वजनकाटा नाही, म्हणून. गेली अठरा वर्षं मी ॲरिझोनात हा उद्योग गॅरेजमध्ये बसून करतोय आणि जे काही चुकलं ते बहुतेक वेळा घाईच्या यंत्रापाशीच चुकलं.

मुलीच्या .२२ चं आधी मिटवतो. ते भरता येत नाही. .२२ हे रिमफायर, म्हणजे पेट घेणारा मसाला केसच्या (पितळी नळीच्या) कडेच्या घडीत असतो आणि चापाची पिन ती कडच चेपते. वेगळं प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, नाही, त्यामुळे बदलायलाही काही नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जाकार्ताच्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तूलमध्ये, याच .२२ वर. हे काडतूस सगळे विकतच घेतात. एक लॉट आपल्या पिस्तुलाला मानवला की तोच साठवायचा, एवढंच आपल्या हातात.

आता शब्दांचं. मराठीत आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो आणि त्यात गोंधळ होतो. इथे गोळी म्हणजे पुढून निघून जाणारा तुकडा फक्त. पितळेची असते ती केस, तिच्या बुडात बसतं ते प्रायमर, आत असते ती दारू, आणि सगळं मिळून झालं ते काडतूस. दारूगोळा हा शब्द आपल्याकडे आहेच, आणि एक नियम त्या शब्दावरच लक्षात राहतो: एक दारू भरताना दुसरी प्यायची नाही. हसू नका, शुक्रवारी संध्याकाळी बिअर उघडून बाकावर बसणारे मी पाहिलेत.

वजन ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे दाणे नव्हेत, वजनाचं माप आहे. एका पौंडात ७००० ग्रेन, एका ग्रॅममध्ये १५.४३. आपल्याला हे माप परकं वाटायचं कारण नाही, जुना तोळा १८० ग्रेनचाच होता. ९ एमएमची १२४ ग्रेनची गोळी म्हणजे आठ ग्रॅम, पाऊण तोळ्याला थोडी कमी. .४५ ची २३० ग्रेनची गोळी सव्वा तोळ्याच्या वर जाते. दारू मात्र गुंजांच्या हिशेबात पडते, म्हणून काटा सोनाराच्या तोडीचा लागतो.

तर गोळी. तुमच्या ९ एमएमला बाजारात मुख्य तीन वजनं मिळतात: ११५, १२४ आणि १४७ ग्रेन. यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या मॅचमध्ये मायनर, म्हणजे कमी ताकदीच्या, गटाला पॉवर फॅक्टर १२५ लागतो, म्हणजे गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फुटांतला वेग भागिले १०००. लोक थोडी सूट ठेवून १३० च्या आसपास राहतात. त्यासाठी ११५ ची गोळी सेकंदाला साधारण ११३० फूट पळवावी लागते, १२४ ची १०५० आणि १४७ ची जेमतेम ८८५. पॉवर फॅक्टर तिन्हीचा तोच, पण हाताला लागणारा झटका निराळा. ११५ चटका देते, १४७ ढकलते. मॅचमधले बरेच जण १४७ कडे जातात ते या मऊपणासाठी, आणि ती आवाजाच्या वेगाच्या खाली राहत असल्याने कडाकाही कमी. तरी पहिल्या वर्षी मी १२४ च सुचवेन. तिच्यासाठी काडतुसं भरण्याच्या पुस्तकांत माहिती भरपूर आहे, आणि गोळी मध्यम लांबीची असल्याने केसमध्ये फार खोल जात नाही. १४७ ची गोळी लांब असते, आत जास्त शिरते, आणि ९ एमएमची केस मुळात इवलीशी. आत जागा कमी झाली की दाब भराभर चढतो. मऊ झटक्याच्या मोहापायी नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

गोळीवरचं आवरण हा यापेक्षा मोठा निर्णय. चार प्रकार समोर येतील. जॅकेटेड, म्हणजे शिशावर तांब्याचं जाड कवच: महाग, पण हाताळायला सोपी. प्लेटेड, म्हणजे शिशावर तांब्याचा पातळ मुलामा: स्वस्त आणि चांगली, पण नाजूक. कोटेड, म्हणजे शिशावर रंगीत पॉलिमरचा थर: आणखी स्वस्त, सध्या मॅचवाल्यांची आवडती. आणि उघडं ओतीव शिसं, मेण लावलेलं.

उघडं शिसं तुमच्या ग्लॉकला नको. ग्लॉक १७ च्या जुन्या पिढ्यांची बॅरल आतून बहुकोनी असते, धारदार खाचांची नाही. शिसं तिथे साचत जातं, वाट अरुंद होते, दाब वाढतो. कंपनीच्या पुस्तिकेतही हेच बजावलेलं आहे. बायकोच्या रिव्हॉल्व्हरला मात्र १५८ ग्रेनची शिशाची गोळी अगदी स्वभावाची आहे, आणि नुसतं कागदावर नेम धरायचा असेल तर १४८ ग्रेनची वॉडकटर, पुढून सपाट, पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडणारी.

प्लेटेडबद्दल एक गोष्ट डोळ्यांनी बघा, मग पटेल. एक काडतूस दारू आणि प्रायमरशिवाय भरा, शेवटचा क्रिम्प, म्हणजे केसच्या तोंडाची गोळीवरची पकड, जरा जास्त आवळा आणि हातोडीसारखा बुलेट पुलर जमिनीवर आपटून ती गोळी बाहेर काढा. कमरेभोवती एक रेघ उमटलेली दिसेल. नखाला ती नुसती चमक लागली तर ठीक. नख अडकलं तर मुलामा कापला गेलाय. अशी गोळी बॅरलमधून जाताना मुलामा आणि शिसं वेगळं होऊ शकतं, आणि २५ यार्डांवर तुमचा नेम का फाकतोय याचं उत्तर तुम्ही उगाच स्वतःच्या मनगटात शोधत बसता. माझा एक अख्खा हिवाळा यात गेला.

कोटेड गोळीचा त्रास उलट बाजूने होतो. केसचं तोंड पुरेसं उमललेलं नसेल तर गोळी बसवताना कडेने रंगाची कातरण निघते, लाल किंवा निळी, पेन्सिल तासल्यासारखी. ती दिसली की थांबा आणि तोंड उमलवणारी डाय (यंत्रात बसणारा साचा) अर्धा फेरा खाली घ्या.

व्यास विसरू नका. ९ एमएमची जॅकेटेड गोळी .३५५ इंच, कोटेड बहुधा .३५६. .३८ स्पेशलची .३५७, शिशाची .३५८. नावात ३८ असलं तरी गोळी .३८ ची नसते. दोघांच्या पेट्या एकाच कपाटात ठेवणार असाल तर ठळक चिठ्ठ्या लावा. हजारांशाचा फरक बोटांना कळत नाही.

तुमच्या शेवटच्या ओळीत होतं की मित्राकडून त्याची कृती, म्हणजे कोणती दारू किती घालायची ते, मिळाली आहे. मित्राची कृती वापरायची नाही. मी इथे दारूचा एकही आकडा देणार नाही तो याच कारणासाठी. वजन तेच, पण गोळीच्या नाकाचा आकार वेगळा असेल तर ती वेगळ्या खोलीवर बसते, आणि दाबाचं सगळं गणित बदलतं. ९ एमएमला कमाल दाब ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठरलेला आहे, .३८ स्पेशलला १७,०००. दोन्हींत चुकीला जागा आहे ती पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापाशी, कमाल मापापाशी नाही. दोन चालू आवृत्तीची पुस्तकं घ्या, गोळी बनवणाऱ्या कंपनीचं एक आणि दारूवाल्या कंपनीची माहिती. दोन्ही जुळतात तिथून, तळापासून सुरू करा.

आता बॅरल. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून ते खोला, बॅरल बाहेर काढा, मागचं तोंड वर करून धरा आणि तुमचं दारूविना भरलेलं काडतूस वरून सोडा. टक्क असा आवाज करून ते खाली बसलं पाहिजे, बोटाने गोल फिरलं पाहिजे, आणि बॅरल उलटी केली की आपसूक पडलं पाहिजे. इंग्रजीत याला प्लंक टेस्ट म्हणतात, आवाजावरूनच. फिरत नसेल तर गोळीचा खांदा बॅरलच्या खाचांना लागतोय, किंचित खोल बसवा आणि पुस्तक पुन्हा बघा. ९ एमएमच्या काडतुसाची कमाल लांबी १.१६९ इंच असली तरी तुमच्या बॅरलला ती मान्य असेलच असं नाही. ग्लॉक यात सोशीक आहे. चेक बनावटीची सीझेड पिस्तुलं फार चिकित्सक. पुढेमागे ती घ्याल तेव्हा जुनी पेटी तिच्यात चालेल असं गृहीत धरू नका.

हे सगळं समजलं की यंत्राची पाळी.

तीन जाती आहेत. सिंगल स्टेज: एका वेळी एक डाय, एक केस. टरेट: डोक्यावर चार डाय, केस एकच, डोकं फिरतं. प्रोग्रेसिव्ह: खाली ताटली फिरते, चार-पाच केस एकाच वेळी वेगवेगळ्या पायरीवर, प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर. माझा वेग सिंगलवर तासाला पन्नास-साठ, टरेटवर दीडशेच्या आसपास, प्रोग्रेसिव्हवर चारशेच्या पुढे. तुम्हाला महिन्याला तीनशे लागतात. म्हणजे टरेटवर दोन संध्याकाळी. मग चारशेच्या वेगाचं करायचं काय?

यंत्र निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसच्या आत मला दारू दिसते का? दुप्पट दारू पडली तर पिस्तूल फुटू शकतं. अजिबात पडली नाही तर एकटं प्रायमर गोळीला बॅरलमध्ये ढकलतं आणि ती तिथेच अडकते, आणि मग मागून येणारी पुढची गोळी खरा घात करते. दोन्ही चुका उघड्या डोळ्यांना दिसतात, फक्त बघायला वाव हवा. टरेटवर एकच केस समोर असते, मान किंचित वाकवली की आत दिसतं. डिलन कंपनीच्या ५५० सारख्या प्रोग्रेसिव्ह यंत्रावर ताटली हाताने फिरवायची असते. फिरवायला विसरलात तर त्याच केसमध्ये पुन्हा दारू. त्यांच्याच ७५० मध्ये ती आपोआप फिरते, तो धोका कमी. पण काही अडकलं आणि तुम्ही दांडा अर्धवट मागेपुढे केलात की नक्की कोणत्या केसमध्ये काय पडलंय याचा हिशेब सुटतो. दोन्ही यंत्रं उत्तम आहेत, माझ्याकडे आज ५५० च आहे. पण मी तिथवर सहा वर्षांनी आलो. तुम्ही ली कंपनीचं चार भोकांचं क्लासिक टरेट घ्या. पहिले शंभर डोकं न फिरवता, एकेक पायरी करत, सिंगलसारखं भरा.

दारूही अशी निवडा की ती फुगीर असेल, दुप्पट पडली तर ९ एमएमच्या केसमधून सांडेल. टाइटग्रुपसारखी दाट दारू पैसे वाचवते, पण केसच्या तळाशी चिमूटभर दिसते आणि दुप्पट झाली तरी मुकाट मावते. .३८ स्पेशलला ही अडचण जास्त, कारण ती केस मुळात काळ्या दारूच्या जमान्यात आखलेली, आत नुसतं रिकामं दालन. बायकोची काडतुसं भरताना पन्नास केसचा लाकडी ठोकळा करा, सगळ्यांत दारू घाला, मग टॉर्च तिरका धरून एकेक रांग बघा. एक तळ जरी इतरांपेक्षा वर किंवा खाली दिसला तर ती केस ओतून टाका.

माझी चूक सांगतो. आमच्याकडे रविवारची संध्याकाळ म्हणजे सांगलीत सोमवारची सकाळ, आणि आईचा व्हिडिओ कॉल तेव्हाच येतो. दुसऱ्या वर्षी मी भरता भरता फोन घेतला, वीस मिनिटं बोललो, परत येऊन दांडा ओढला. पुढच्या शनिवारी मॅचमध्ये चौथ्या फैरीला ढिश्यूऐवजी नुसतं फुस्स झालं, डबा उघडल्यासारखं. माझं बोट पुढच्या फैरीसाठी निघालंही होतं. रेंज ऑफिसर ‘स्टॉप’ म्हणून ओरडला म्हणून थांबलो. बॅरल काढली तर गोळी दीड इंच आत घट्ट बसलेली. पितळी कांडीने ठोकून काढली तेव्हा हात थरथरत होते. तेव्हापासून मध्ये कुणीही हाक मारली की यंत्रावरच्या सगळ्या केस बाहेर काढून वेगळ्या वाटीत टाकतो, मगच उठतो. आणि आईला आता आठ वाजता मीच फोन करतो.

बाकी सामान. वजनकाटा तराजूसारखा दांडीचा घ्या, तो बॅटरीवर रुसत नाही. डिजिटल घेतलात तर पडद्यावर ग्रॅम आहे की ग्रेन हे प्रत्येक वेळी बघा, चूक पंधरापटीची होते. सोबत प्रमाण वजनं हवीतच. लांबी-व्यास मोजायला सहा इंची डिजिटल कॅलिपर. डाय कार्बाइडच्या, म्हणजे केसला तेल लावायची कटकट नाही. ९ एमएमला टेपर क्रिम्प, म्हणजे तोंड न वळवता नुसतं आवळलेलं, कारण ते काडतूस केसच्या तोंडावर टेकून बसतं, तोंड वळवून टाकलंत तर टेकायला काही उरत नाही; .३८ ला रोल क्रिम्प, गोळीच्या खाचेत वळवलेला. बुलेट पुलर, कारण चुका होणार. प्रायमर बसवताना चष्मा. हा सगळा संच यंत्राच्या आधी घरात यावा.

केस स्वतःच्याच गोळा करा. रेंजवरून बादली भरून आणलेल्यांत .३८० या वेगळ्या काडतुसाच्या आखूड केस लपून येतात, लष्करी केसचं प्रायमरचं घर आवळलेलं असतं, आणि काहींच्या आत पायरी असते ज्यामुळे जागा कमी पडते. प्रत्येकीत डोकावल्याशिवाय घेऊ नका.

शिशाबद्दल: सगळ्यांना गोळीची भीती वाटते, पण घरात जास्त शिसं येतं ते केस घासण्याच्या यंत्राच्या धुळीतून, कारण प्रायमरच्या मसाल्यात शिसं असतं. ते यंत्र घरात नको, चाळणं उघड्यावर, हात गार पाण्याने साबण लावून धुवायचे, बाकावर चहा-चिवडा बंद. मी वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो. तुमच्या घरात मूल आहे, तुम्हीही घ्या. दारू आणि प्रायमर मूळ डब्यातच, कुलुपात, आणि बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपलं की यंत्रावरच्या नळकांड्यातली दारू परत त्याच डब्यात. रात्रभर ठेवली तर प्लॅस्टिक खाते.

कायद्याचं थोडं, कारण आपल्या लोकांची गफलत इथेच होते. स्वतःसाठी भरायला अमेरिकेत केंद्रीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी म्हणालं की मलाही हजार भरून दे, खर्च देतो, तर नाही म्हणा. पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या हातात फुटणारं काडतूस तुमचं असू नये. एच-वन-बीवरचा मित्र मदतीला येतो असं लिहिलंय. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला, शिकारीचा वैध परवाना वगैरे ठरावीक अपवाद सोडले तर, केंद्रीय कायद्याने शस्त्रच नव्हे, काडतूस बाळगायलाही बंदी आहे. दोन पेट्या त्याच्या गाडीत राहिल्या तर अडचणीत तो येतो. वकिलाला विचारा, तोवर त्याला चहा द्या आणि गॅरेजबाहेर बसवा. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हाच आहे, तेव्हा पुण्यातल्या भावाला सामान पाठवायचा विचारही नको. आणि रेंजची बॅग वेगळी, भारतात जायची बॅग वेगळी. अस्तरात राहिलेल्या एका काडतुसामुळे विमानतळावर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

पैशाबद्दल खरं सांगायचं तर महिन्याच्या तीनशे ९ एमएमवर बचत फारशी नाही, विकतचं ९ एमएम स्वस्तच आहे. बायकोच्या .३८ वर ती ठळक दिसेल. मन घट्ट करून सुरुवात तिच्या काडतुसांपासून केलीत तर हात बसेल आणि हिशेबही जुळेल.

९ एमएमसाठी सध्या १२४ ग्रेनच्या गोळ्यांची ५०० ची एकच पेटी मागवा, २००० ची स्वस्त पडते तरी. ती आणि टरेट आल्यावर दारू-प्रायमरशिवाय दहा काडतुसं करा. दहाही बॅरलमध्ये टाकून बघा. मग त्यातली पाच मॅगझिनमध्ये भरून, स्लाइड ओढून एकेक आत चढवा, बाहेर काढा आणि लांबी पुन्हा मोजा. चढताना गोळी आत सरकली असेल तर केसची पकड ढिली आहे, आणि ती आधी दुरुस्त करायची. आकडे कागदावर लिहून मला पाठवा, दारूचं त्यानंतर बोलू.